शुद्ध पाणी ठेवायचे कशात?

आपल्याकडे पुष्कळ घरांतून एक जुना रिवाज आहे. सकाळी उठले की आदल्या दिवशीचे पिण्याचे उरलेले पाणी ओतून द्यायचे, भांडे घासायचे आणि ताजे पाणी भरायचे. कालचे पाणी 'शिळे' झालेले असते. वर्गात हा विषय निघाला तर एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "अन्न शिळे होते हे समजले, पण पाणी म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन. ते शिळे कसे होईल?"

या प्रश्नाला अधिक धार आणायची असेल तर प्रयोगशाळेतील कपाटाकडे बोट दाखवावे. तिथे डिस्टिल्ड वॉटरची, म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्याची, मोठी बाटली असते. ऊर्ध्वपातनात पाण्याची वाफ होते, क्षार खाली राहतात आणि वाफ थंड करून मिळालेले पाणी शुद्ध असते, असे आपण शिकवतो. ते बरोबरच आहे. पण ते पाणी बाटलीत पडल्यानंतर काय होते? महिन्याभराने त्याच बाटलीतले पाणी तितकेच शुद्ध असते का? हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. शास्त्रज्ञांना, डॉक्टरांना आणि अभियंत्यांना त्याने गेली अडीचशे वर्षे गुंतवून ठेवले आहे. आज औषधाच्या कारखान्यात स्टेनलेस स्टीलच्या ज्या चकचकीत टाक्या दिसतात, त्या या प्रश्नाला हळूहळू मिळत गेलेले उत्तर आहेत.

लव्हाझिएचे १०१ दिवस

अठराव्या शतकात असा एक समज प्रचलित होता की पाण्याची 'माती' होऊ शकते. त्याला पुरावाही होता. काचेच्या भांड्यात शुद्ध पाणी पुष्कळ वेळ उकळले, की तळाशी पांढरट कण जमतात. पाणी तर शुद्ध घेतलेले. मग ही माती आली कुठून? अर्थात पाण्यातून, असे लोक म्हणत. सतराव्या शतकात व्हान हेल्मॉन्टने विलोचे रोप पाच वर्षे केवळ पाण्यावर वाढवून झाड पाण्यापासूनच बनते असा निष्कर्ष काढला होता. त्यामुळे या समजाला आणखी बळ मिळाले होते.

पॅरिसमध्ये पंचवीस वर्षांच्या आंत्वान लव्हाझिएने हे तराजूने तपासायचे ठरवले. त्याने 'पेलिकन' नावाचे काचेचे बंद भांडे घेतले. या भांड्याच्या माथ्यापासून दोन नळ्या पुन्हा पोटात उतरतात, त्यामुळे वाफ वर जाऊन थंड होते आणि पाणी आपोआप परत खाली येते. ऊर्ध्वपातन करून शुद्ध केलेले पावसाचे पाणी त्यात घालून, भांडे बंद करून, २४ ऑक्टोबर १७६८ पासून सतत १०१ दिवस त्याने ते तापवत ठेवले. पाण्यात हळूहळू बारीक कण तरंगू लागले.

शेवटी त्याने वजने केली. पाणी आणि भांडे मिळून एकूण वजन होते तेवढेच भरले. म्हणजे बाहेरून काही आत आले नव्हते. मग त्याने रिकामे, कोरडे भांडे वेगळे तोलले. ते सुमारे १७.४ ग्रेन, म्हणजे एक ग्रॅमला थोडे कमी, इतके हलके झाले होते. पाण्यातून मिळालेली 'माती' सुमारे २०.४ ग्रेन भरली. तीन ग्रेनचा फरक त्याने प्रयोगातील त्रुटीखाती टाकला आणि निष्कर्ष काढला की माती पाण्याची झालेली नाही, ती काचेची झाली आहे. पाण्याने काच विरघळवली होती. पुढे स्वीडनच्या शेलेने अशा कणांचे रासायनिक परीक्षण केले, तेव्हा त्यांत काचेतलेच घटक सापडले.

हा प्रयोग द्रव्याच्या अक्षय्यतेचे उदाहरण म्हणून आपण सांगतो. पण त्यात आणखी एक धडा आहे. पाणी शुद्ध केले तरी ते ज्या भांड्यात ठेवतो, ते भांडे पाण्यात उतरते. किंबहुना पाणी जितके शुद्ध, तितकी त्याची विरघळवण्याची भूक जास्त; कारण त्यात आधी विरघळलेले काहीच नसते.

सोन्याची भांडी आणि हवेचा दोष

पुढचे पाऊल लंडनच्या हंफ्री डेव्हीने टाकले. व्होल्टाच्या विद्युतघटाचा शोध १८०० साली लागल्यावर पाण्यातून वीज सोडण्याचे प्रयोग सुरू झाले. तेव्हा एका ध्रुवाशी आम्ल आणि दुसऱ्या ध्रुवाशी अल्कली तयार होते असे आढळले. वीज पाण्यापासून आम्ल आणि अल्कली निर्माण करते, असेही काही जणांना वाटू लागले.

डेव्हीला भांड्याचा संशय आला. त्याने काचेऐवजी अकीक या दगडाचे पेले वापरले, तेव्हा अल्कली कमी झाली. मग त्याने सोन्याचे शंकू घेतले. तरीही थोडी अल्कली उरलीच. आता संशय पाण्यावर गेला. त्याने चांदीच्या पात्रात मंद उष्णतेवर पाण्याचे पुन्हा ऊर्ध्वपातन केले आणि अल्कली जवळजवळ नाहीशी झाली. उरलेले आम्ल नायट्रिक आम्ल होते. ते पाण्यात विरघळलेल्या हवेतील नायट्रोजनामुळे तयार होत होते. हवा काढून तिच्या जागी हायड्रोजन भरल्यावर तेही थांबले. ही हकिकत त्याने २० नोव्हेंबर १८०६ रोजी रॉयल सोसायटीपुढे मांडली. अशा रीतीने आरोपींच्या यादीत भांड्याच्या जोडीला हवाही आली.

हवेचा दोष आकड्यांत पकडला तो जर्मनीच्या फ्रीडरिख कोलराउशने. पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजले, तर त्यात किती आयन आहेत ते कळते. हे मोजण्याच्या पद्धती त्याने विकसित केल्या आणि १८९४ मध्ये हायडवाइलर या सहकाऱ्याबरोबर निर्वात पात्रात अतिशय शुद्ध पाणी तयार केले. आज आपल्याला माहीत आहे की २५ अंश सेल्सिअसला परिपूर्ण शुद्ध पाण्याची वाहकता सेंटीमीटरला सुमारे ०.०५५ मायक्रोसीमेन्स असते. तेच पाणी हवेत उघडे ठेवले की कार्बन डायऑक्साइड विरघळून कार्बॉनिक आम्ल बनते, वाहकता एकच्या आसपास चढते आणि पाण्याचा सामू सातवरून ५.६ च्या जवळ उतरतो. यासाठी कोणी त्यात काही टाकावे लागत नाही, झाकण उघडे राहिले तरी पुरे.

काचेचा प्रश्न काही प्रमाणात सुटला. ओटो शॉटने येना येथे १८८० च्या दशकात अधिक टिकाऊ काच बनवली आणि १९१५ पासून पायरेक्स ही बोरोसिलिकेट काच बाजारात आली. पण शेकडो लिटर पाण्यासाठी काच नाजूक पडते. म्हणून मोठ्या कामासाठी कथलाच्या नळ्या आणि आतून कथील चढवलेली तांब्याची पात्रे वापरात होती. आपल्या घरातल्या पितळी भांड्यांना कल्हई लावण्यामागचा विचार तोच. आणि अडचणही तीच: कल्हई झिजते, ती पुन्हा करावी लागते, आणि कथील मऊ असल्याने घासणे, ठोकणे, तापवणे त्याला सोसत नाही.

सुईबरोबर येणारा ताप

इथपर्यंत हा रसायनशास्त्रज्ञांच्या अचूकतेचा प्रश्न होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो रुग्णांच्या जिवाशी येऊन भिडला.

पाउल एर्लिख यांचे साल्व्हर्सान हे उपदंशावरील औषध १९१० मध्ये बाजारात आले. ते पाण्यात मिसळून शिरेतून देत. अनेक रुग्णांना त्यानंतर थंडी वाजून ताप भरे. दोष औषधाचा मानला गेला. पण १९११ मध्ये बर्लिनचे डॉक्टर वेक्सेलमान यांनी पाण्याकडे बोट दाखवले, आणि त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हॉर्ट आणि पेनफोल्ड यांनी दाखवून दिले की ज्वर आणणारे द्रव्य ऊर्ध्वपातित पाण्यातच असू शकते. गंमत अशी, की पाणी उकळून निर्जंतुक केलेले असले तरी ताप येत असे.

हे कोडे सोडवण्यात मोठा वाटा फ्लोरेन्स सायबर्ट या अमेरिकन संशोधिकेचा आहे. वयाच्या तिसऱ्या वर्षी झालेल्या पोलिओमुळे त्यांच्या पायात अधूपण राहिले होते. येल विद्यापीठात डॉक्टरेटसाठी काम करताना त्यांनी सशांवर प्रयोग केले आणि १९२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्वर आणणारे द्रव्य जिवाणूंपासून येते. ते उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे पाणी उकळल्यावर जिवाणू मरतात, पण हे द्रव्य मागे राहते.

मग ते ऊर्ध्वपातनातून पार कसे जाते? त्याची वाफ तर होत नाही. सायबर्ट यांनी उत्तर शोधले: पाणी जोरात उकळते तेव्हा वाफेबरोबर अतिसूक्ष्म थेंब उडतात आणि थेट थंड करणाऱ्या नळीत जातात. ते थेंब म्हणजे वाफ नव्हे, ते मूळचेच अशुद्ध पाणी. त्यांनी वाफेच्या वाटेत थेंब अडवणारा सापळा बसवला आणि ताप थांबला. पण त्यात एक अट होती. मिळालेले पाणी लगेच वापरायचे किंवा लगेच निर्जंतुक करायचे. तसेच ठेवून दिले तर त्यात नव्याने जिवाणू वाढत आणि पाणी पुन्हा ज्वरजनक होई. सायबर्ट यांचे नाव आपल्या वाचकांना आणखी एका कारणाने जवळचे वाटेल. क्षयरोगाच्या तपासणीसाठी हातावर जी माँटू चाचणी करतात, तिच्यातील शुद्ध ट्युबरक्युलिन पुढे त्यांनीच तयार केले.

या ज्वरजनक द्रव्याला आज एंडोटॉक्सिन म्हणतात. ते काही जातींच्या जिवाणूंच्या बाह्य आवरणाचा भाग असते. दवाखान्यातील ऑटोक्लेव्हच्या १२१ अंश तापमानाला ते नष्ट होत नाही; कोरड्या भांड्यावरून ते घालवायला २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते. पाण्याच्या बाबतीत हा उपाय अर्थातच नाही. म्हणून पाण्यात जिवाणू वाढू न देणे हाच खरा मार्ग उरतो.

ज्यात खायला काही नाही, तिथे जगतो कोण?

इथे विद्यार्थी नक्की विचारील: ऊर्ध्वपातित पाण्यात क्षार नाहीत, साखर नाही, मग जिवाणू खातात काय?

या प्रश्नाचे धक्कादायक उत्तर १९७१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. मार्टिन फाव्हेरो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन रुग्णालयांतील ऊर्ध्वपातित पाण्यातून स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू वेगळा केला. तो त्या पाण्यात नुसता टिकत नव्हता, तर झपाट्याने वाढत होता आणि मोठ्या संख्येने दीर्घकाळ राहत होता. शिवाय पाण्यात वाढलेले हे जिवाणू प्रयोगशाळेतील पोषक माध्यमावर वाढवलेल्या भाईबंदांपेक्षा रसायनांना आणि इतर ताणांना वेगळा प्रतिसाद देत होते. पाण्यात अगदी किंचित असलेले सेंद्रिय अंश आणि हवेतून येणारे अंश त्यांना पुरतात.

त्यातून हे जिवाणू पाण्यात मोकळे तरंगण्यापेक्षा भिंतीला चिकटणे पसंत करतात. चिकटल्यावर ते एक बुळबुळीत थर तयार करतात. पाण्याच्या माठाच्या किंवा प्लॅस्टिकच्या टाकीच्या आतल्या बाजूला बोट फिरवल्यास जो निसरडेपणा जाणवतो, तो बहुधा हाच. थराच्या आत जिवाणूंना संरक्षण मिळते आणि त्यातून अधूनमधून काही सुटून पाण्यात येत राहतात. टाकी नुसती रिकामी करून पुन्हा भरली तर थर तसाच राहतो. आता त्या घरगुती रिवाजाकडे पाहा. पाणी ओतून देण्यापेक्षा भांडे घासण्याला अधिक महत्त्व आहे! नळाच्या पाण्यातला क्लोरीन रात्रभरात कमी होतो आणि राखणदार गेल्यावर चोरांना मोकळे रान मिळते, हेही त्या 'शिळे'पणाचे एक कारण आहे.

डाग न पडणारे पोलाद

म्हणजे भांडे असे हवे की जे पाण्यात उतरणार नाही, गंजणार नाही, वाफेने तापवता येईल, गुळगुळीत असेल आणि हव्या त्या आकारात जोडता येईल. हे सगळे एकत्र आले ते स्टेनलेस स्टीलमध्ये.

जर्मनीत क्रुप कारखान्यातील श्ट्राउस आणि माउरर यांनी १९१२ मध्ये क्रोमिअम-निकेलयुक्त पोलादाची एकस्वे घेतली. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये सुमारे १२.८ टक्के क्रोमिअम असलेले पोलाद ओतले. तो बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून धातू शोधत होता. त्याला सापडला तो सुऱ्यांना उपयोगी पडणारा!

हे पोलाद गंजत नाही, कारण ते फार लवकर 'गंजते'. क्रोमिअमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा घट्ट पापुद्रा बसतो आणि पुढची झीज थांबते. ओरखडा पडला तर हवा किंवा पाण्यातील ऑक्सिजन मिळताच पापुद्रा पुन्हा तयार होतो. या गुणाला निष्क्रियता म्हणतात. तिचा माग १८३६ पर्यंत जातो. बाझेलच्या शॉनबाइनने फॅरेडेला पत्राने कळवले होते की तीव्र नायट्रिक आम्लात बुडवलेले लोखंड नंतर सौम्य आम्लातही शांत राहते. फॅरेडेने तर्क केला की त्यावर ऑक्साइडचे अदृश्य आवरण बसत असावे. आज नवी टाकी बसवल्यावर ती आतून नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लाने धुतात, ती याच आवरणाच्या बळकटीसाठी.

पण स्टेनलेस म्हणजे अजिंक्य नव्हे. त्याचा मुख्य शत्रू क्लोराइड. मिठाचे पाणी रात्रभर स्टीलच्या भांड्यात राहिले की तळाला बारीक टिपके पडतात, हे स्वयंपाकघरात अनेकांनी पाहिले असेल. क्लोराइड पापुद्र्याला ठिकठिकाणी भोके पाडते. म्हणून औषधी पाण्याच्या टाकीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे पोलाद वापरतात. जोडकाम करताना दुसरा धोका असतो. पोलादातील कार्बन तापलेल्या भागात क्रोमिअमला धरून बसतो, आजूबाजूला क्रोमिअम कमी पडते आणि नेमका सांधाच गंजतो. यावर उपाय म्हणून कार्बन ०.०३ टक्क्यांहून अधिक नसलेले ३१६ एल पोलाद आले. एवढे करूनही गरम शुद्ध पाण्याच्या टाक्यांत काही काळाने तांबूस लोहाचा थर दिसतो. कारागीर त्याला गालावर लावण्याच्या रंगावरून 'रूज' म्हणतात आणि आम्लाने धुऊन काढतात. लव्हाझिएच्या पाण्याची भूक अजून भागलेली नाही!

टाकी नव्हे, वाहती नदी

उत्तम धातू मिळाला तरी स्थिर पाणी स्थिरच. म्हणून अभियंत्यांनी साठवण्याची रीतच बदलली. पाणी सुमारे ८० अंशांवर ठेवायचे आणि टाकीतून नळ्यांमध्ये, नळ्यांतून परत टाकीत असे अखंड फिरवत राहायचे. या तापमानाला स्यूडोमोनाससारखे जिवाणू वाढू शकत नाहीत आणि वेगाने वाहणाऱ्या पाण्यात भिंतीला चिकटणेही कठीण होते. टाकीच्या माथ्यावर फवारा असतो, कारण पाण्याच्या पातळीवरचे छतही ओले आणि गरम राहिले पाहिजे. तळ उतरता असतो. नळ्यांना उतार असतो. जिथे पाणी साचून राहील अशी आंधळी फांदी शक्य तितकी आखूड ठेवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७६ मध्ये प्रस्तावित केलेल्या नियमांत अशा फांदीची लांबी नळीच्या व्यासाच्या सहा पटींहून अधिक नसावी असे म्हटले होते. तो प्रस्ताव १९९३ मध्ये मागे घेतला गेला, पण त्यातील शहाणपण कारखान्यांनी सोडले नाही.

टाकी श्वासही घेते. पाणी काढले की तेवढी हवा आत येते, आणि हवेबरोबर जिवाणू येतात. म्हणून वरच्या तोंडाशी ०.२ मायक्रॉन छिद्रांची गाळणी बसवतात. ही गाळणी वाफेच्या ओलीने तुंबू नये म्हणून गरम ठेवावी लागते. तुंबली तर काय होईल? डब्यात पाणी उकळून, झाकण लावून, वर थंड पाणी ओतल्यावर डबा चेपतो, हा प्रयोग आपण वातावरणाचा दाब शिकवताना करतोच. टाकीचेही तेच होईल. त्यापासून बचाव म्हणून दाबाला फाटणारी सुरक्षा चकती बसवतात.

ऊर्ध्वपातनाआधी जे पाणी साठवतात त्या टाकीकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. क्लोरीन पोलादाला बाधक, म्हणून तो आधीच काढून टाकतात; पण त्या क्षणापासून पाणी निराधार होते. त्या टाकीत जिवाणू माजले तर एंडोटॉक्सिनचे प्रमाण वाढते आणि उडणाऱ्या प्रत्येक थेंबाबरोबर ते अधिक प्रमाणात पलीकडे जाते. सायबर्ट यांचा सापळा कितीही सुधारला तरी त्यावर किती भार टाकायचा ते आधीची टाकी ठरवते.

तपासणीही बदलली. अमेरिकेच्या औषधसंहितेत १९४२ मध्ये सशांवरील चाचणी आली. पुढे फ्रेडरिक बँग आणि जॅक लेव्हिन यांना नालखेकड्याचे रक्त एंडोटॉक्सिनच्या अंशानेही गोठते असे आढळले, आणि त्यावर आधारलेल्या चाचणीला अमेरिकेत १९७७ मध्ये परवाना मिळाला. इंजेक्शनसाठीच्या पाण्यात मिलीलीटरला ०.२५ एककांहून कमी एंडोटॉक्सिन असले पाहिजे. म्हणजे साधारणपणे एका ग्रॅमचे चार हजार कोटी भाग केले, तर त्यातला एक! युरोपच्या औषधसंहितेने असे पाणी केवळ ऊर्ध्वपातनानेच करावे हा आग्रह एप्रिल २०१७ मध्ये सोडला आणि रिव्हर्स ऑस्मॉसिससारख्या पद्धतींनाही मान्यता दिली. पाणी शुद्ध करण्याचे मार्ग वाढले, पण साठवण्याची काळजी तसूभरही कमी झालेली नाही.

वर्गात काय करता येईल?

१. साध्या सोडा काचेचा तुकडा शिक्षकांनी स्वतः, चष्मा आणि हातमोजे घालून, खलबत्त्यात बारीक करावा. त्यावर डिस्टिल्ड वॉटरचे थेंब आणि फिनॉल्फ्थॅलीन टाकावे. गुलाबी रंग आला की काचेतून अल्कली पाण्यात उतरल्याचे डोळ्यांना दिसेल. बोरोसिलिकेट काचेची भुकटी घेऊन तुलना करावी. १०१ दिवस थांबण्याची गरज नाही.

२. नुकतेच उघडलेल्या बाटलीतील पाणी आणि आठवडाभर उघडे ठेवलेले पाणी घ्यावे. दोन्हींत पेन्सिलीतील शिशाच्या दोन कांड्या सारख्या अंतरावर ठेवून मल्टिमीटरने रोध मोजावा. आकडा सरकत राहतो, म्हणून बुडवल्याबरोबर दिसणाऱ्या आकड्यांची तुलना करावी. फरकाची कारणे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावीत.

३. प्रयोगशाळेतील बाटलीची तपासणी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. तिच्यावर भरल्याची तारीख आहे का? तळाशी तोटी असेल तर तिच्या आत कापसाचा बोळा फिरवल्यावर बुळबुळीत काही लागते का? उरलेल्या जुन्या पाण्यावर नवे ओतण्याची सवय आहे का? असेल तर ती मोडावी. जुने पाणी काढून, बाटली व तोटी घासून, आतून डिस्टिल्ड वॉटरने खंगाळून मगच नवे भरावे. मोठ्या बाटलीऐवजी लहान बाटल्या काठोकाठ भरून घट्ट बंद ठेवाव्यात, आणि तोटीतून येणारे पहिले थोडे पाणी टाकून द्यावे. पुढच्या वेळी क्षारांच्या परीक्षेत एखाद्या विद्यार्थ्याला न दिलेला आयन 'सापडला', तर त्याला चूक ठरवण्याआधी पाण्याच्या बाटलीवरची तारीख पाहून घ्यावी.